उंटवाल्यांची वाट

आमच्या वर्गाच्या भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा टांगलेला आहे. त्याच्या फाटलेल्या कडांना आम्हीच कापडी पट्टी चिकटवली आहे. ऑस्ट्रेलिया शिकवताना आमची छडी फिरते ती किनाऱ्या-किनाऱ्याने. सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, पर्थ. ही नावे मुलांना क्रिकेटमुळे तोंडपाठ असतात. मधला भाग पिवळा आणि रिकामा. तिथे 'वाळवंट' एवढा एक शब्द उच्चारून आम्ही न्यूझीलंडकडे सरकतो. या पिवळ्या रंगात आपल्या ओळखीच्या नावांची माणसे पुरलेली आहेत, दोस्त महंमद, सालेह, फैज महंमद, अब्दुल वाहिद अशा नावांची, हे आम्हाला फार उशिरा कळले. कळल्यावर नकाशाचा तो भाग पूर्वीसारखा रिकामा दिसेनासा झाला.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरी या गावापासून उत्तरेला, क्वीन्सलंडच्या हद्दीत जेमतेम शिरून वसलेल्या बर्ड्सव्हिलपर्यंत एक वाट जाते. लांबी ५१७ किलोमीटर. मुंबईहून सोलापूर गाठावे आणि आणखी शंभर किलोमीटर पुढे जावे, एवढी. फरक इतकाच, की या सबंध अंतरात गाव म्हणावे असे एकही नाही. गुरांचे चार-दोन मळे, एखादे उपाहारगृह, बाकी वाळू, मीठ आणि दगड. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आसपास. आमचे दुष्काळी तालुके यापुढे हिरवेगार म्हणावे लागतील. वाटेच्या एका टप्प्याला स्टर्टचे दगडी वाळवंट म्हणतात. तिथे तांबूस, गुळगुळीत, कापणाऱ्या दगडांची फरसबंदी क्षितिजापर्यंत पसरली आहे. चार्ल्स स्टर्ट १८४५ साली येथे पोहोचला तेव्हा त्याच्या तांड्यात एक होडीही होती. खंडाच्या पोटात समुद्र असलाच पाहिजे, अशी त्याची खात्री होती. इतिहासात हुशार माणसांच्या खात्रीने जेवढे हाल केले तेवढे अडाण्यांच्या अज्ञानाने केले नसतील.

ही वाट गोऱ्यांनी शोधली असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते खरे नाही. दिएरी आणि शेजारच्या इतर आदिवासी जमाती या भागातून हजारो वर्षे येत-जात होत्या. दक्षिणेतल्या फ्लिंडर्स डोंगरातली तांबडी गेरू उत्तरेला जाई. उत्तरेकडून पिटुरी नावाच्या झुडपाची पाने येत. ती चघळली की तंबाखूसारखी तरतरी येते. पाण्याचे झरे कुठे आहेत, कोणत्या महिन्यात कोणते आटतात, हे त्यांच्या गाण्यांत आणि कथांत नोंदवलेले होते. पुढे गुराखी आले ते याच पाणवठ्यांच्या ओळीने आले. मग उंट आले. वाट जुनीच होती, तिच्यावरचे ओझे बदलले.

गुरांचा हिशेब समजून घेतल्याशिवाय उंटांचा समजणार नाही. क्वीन्सलंडच्या नैर्ऋत्येला नद्यांचा पूर पसरून उत्तम कुरण तयार होते. तिथे १८६० नंतरच्या दोन दशकांत मोठमोठे गुरांचे मळे उभे राहिले. ही गुरे विकायची कुठे? जवळची बाजारपेठ ॲडलेडची. १८८४ साली रेल्वे मरीपर्यंत आली, तेव्हा या गावाला हर्गॉट स्प्रिंग्ज म्हणत. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे पुसण्याची लाट आली आणि १९१८ साली हर्गॉट जाऊन मरीच कायम झाले. तर उत्तरेकडून हजारो गुरे पायी हाकत मरीच्या स्टेशनावर आणायची, असा प्रघात पडला. पण गुरे स्वतःच्या पायांनी येतात. पीठ, साखर, चहा, तारा, पत्रे, औषधे ही स्वतःच्या पायांनी परत जात नाहीत. बैलगाडीला पाणी हवे आणि चाराही हवा. घोड्याला त्याहून जास्त हवा. पाऊस नसलेल्या वर्षी दोन्ही वाटेत मरत. मळ्यांवर माणसे उपाशी राहण्याची वेळ येई. येथे उंटाची गरज पडली.

ऑस्ट्रेलियात पहिला उंट उतरला तो १८४० साली, कॅनरी बेटांवरून. त्याचे नाव हॅरी. १८४६ साली जॉन हॉरॉक्स नावाचा साहेब त्याला घेऊन मोहिमेवर गेला. साहेब बंदूक भरत असताना हॅरी हलला, बार उडाला, साहेब जखमी होऊन काही आठवड्यांनी वारला. मरण्यापूर्वी त्याने उंटाला गोळी घालण्याचा हुकूम दिला. उंट होता, उंटवाला नव्हता. दुसरे काय होणार? हा धडा शिकायला आणखी चौदा वर्षे लागली. १८६० साली बर्क आणि विल्स यांची प्रसिद्ध मोहीम मेलबर्नहून निघाली, तेव्हा जॉर्ज लँडेल्स याने हिंदुस्थानातून २४ उंट आणि त्यांच्याबरोबर माणसेही आणली. दोस्त महंमद, इसाउ खान, बेलूच आणि सामला. यातला सामला हिंदू होता. त्याच्या धर्माला चालणारे अन्न तांड्यात मिळेना, म्हणून पहिल्या काही दिवसांतच तो रजा घेऊन गेला. दोस्त महंमदाचा हात एका माजलेल्या उंटाने कायमचा निकामी केला. तो परत मायदेशी गेला नाही. मेनिंडी गावाजवळ त्याची कबर आहे. बर्क आणि विल्स १८६१ साली कूपर नदीकाठी उपासमारीने मेले. त्यांचे पुतळे उभे राहिले. त्यांच्यातला जॉन किंग तेवढा वाचला, कारण तिथल्या यांड्रुवांधा आदिवासींनी त्याला सांभाळले.

खरी सुरुवात झाली ती थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने. त्याने कराचीहून १२४ उंट आणि ३१ उंटवाले जहाजाने मागवले. १८६५ सालच्या अखेरच्या दिवशी ते पोर्ट ऑगस्टाला उतरले. बरेच उंट खरजेने दगावले. उरलेल्यांपासून बेल्टाना येथे पैदास सुरू झाली. ही पैदास इतकी चांगली निघाली, की पुढे बेल्टानाचा उंट आयात उंटाहून सरस मानला जाऊ लागला. १८७० ते १९२० या काळात सुमारे २०,००० उंट आणि किमान २,००० उंटवाले या खंडात आले. करार साधारण तीन वर्षांचा. बायको-मुले आणायची सोय नाही.

येथे एक गोष्ट महाराष्ट्राच्या वाचकाने ध्यानात घ्यावी. हे लोक ज्या कराची बंदरातून जहाजावर चढले ते बंदर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९३६ साली सिंध वेगळा होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईहून चाले. म्हणजे पुणे, रत्नागिरी किंवा सोलापूर जिल्ह्याचे कागद ज्या सरकारकडे जात, त्याच सरकारच्या हद्दीतून हे उंटवाले बाहेर पडले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत मुंबई इलाखा येतो, पण त्याच्या एका बंदरातून निघालेले हे काफिले मात्र येत नाहीत.

या माणसांना ऑस्ट्रेलियात 'अफगाण' म्हणत. वस्तुस्थिती अशी, की त्यांत पठाण होते, बलोच होते, सिंधी होते, पंजाबी होते. कुणी पेशावरचा, कुणी क्वेट्ट्याचा, कुणी खरोखर कंदाहारचा. बहुतेक मुसलमान, पण थोडे हिंदू आणि शीखही. पश्तू बोलणाऱ्याला सिंधी समजत नसे. आपसांत भांडणे होती, जुनी वैरे होती, धंद्यातली चुरस होती. गोऱ्या माणसाला हे सगळे एकच दिसले: पगडी, दाढी, उंट. म्हणून सगळे अफगाण. आपल्याकडेही हिंग विकायला किंवा व्याजाचे पैसे मागायला दारात आलेला उंच माणूस सरसकट 'काबुली' ठरत असे, तेव्हा हा दोष केवळ गोऱ्यांचा मानू नये. मात्र आपल्याकडच्या चुकीने कुणाचे हक्क गेले नाहीत. तिथे गेले. यातले बरेचजण ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, जशी ऑस्ट्रेलियातली गोरी माणसे होती. 'अफगाण' म्हटले की ते परके ठरत. चुकीचे नाव सोयीचेही असते.

या चुकीच्या नावाचा एक नमुना आम्हाला फार बोलका वाटतो. खाणींच्या ब्रोकन हिल या गावात उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद आहे. आता तिथे संग्रहालय आहे. तिथे एक जाडजूड ग्रंथ ठेवलेला होता आणि त्यावर 'कुराण' अशी चिठ्ठी होती. अनेक वर्षे येणारे-जाणारे ते कुराण पाहून गेले. समिया खातून या अभ्यासिकेने तो उघडून वाचला तेव्हा तो निघाला बंगाली! 'कससुल अंबिया', म्हणजे नबींच्या कथा, बंगाली पद्यात, कलकत्त्याला छापलेल्या. यातून सुरू झालेला शोध त्यांनी 'ऑस्ट्रेलियानामा' या २०१८ सालच्या पुस्तकात मांडला. आमच्या घरांतून उर्दू 'कससुल अंबिया' रात्री मोठ्याने वाचला जाण्याची रीत होती, ऐकणाऱ्या बायका मध्येच डोळे पुसत. कुणी बंगाली मुसलमान तसाच ग्रंथ सामानात बांधून त्या खाणींच्या गावापर्यंत गेला होता. तो ना अफगाण, ना त्याचे पुस्तक कुराण. चिठ्ठी लावणाऱ्याला दोन्ही गोष्टी तपासाव्याशा वाटल्या नाहीत.

आता पुन्हा वाटेकडे येऊ. मरीच्या स्टेशनावर मालगाडी लागली, की उंटवाल्यांचे काम सुरू होई. मोठ्या काफिल्यात सत्तरपर्यंत उंट आणि त्यांच्यामागे चार माणसे. 'हूश्ता' म्हटले की उंट गुडघे मुडपून बसतो. हा शब्द ऑस्ट्रेलियन गुराख्यांच्या बोलीतही शिरला. खोगिराच्या दोन्ही बाजूंना ओझे तोलून बांधायचे. एक बाजू थोडी जरी जड झाली तरी दोन दिवसांत पाठीला जखम होते आणि उंट कामातून जातो. तगडा नर चारशे ते सहाशे किलो उचले. पिठाची पोती, चहाच्या पेट्या, घरांचे पत्रे, कुंपणाच्या तारांची वेटोळी, विहिरींचे लोखंडी नळ. कुण्या मळेवाल्याच्या बायकोसाठी पियानोसुद्धा. उंटाच्या नाकात लाकडी खुंटी असते. तिला बांधलेली दोरी पुढच्या उंटाच्या मागे अडकवतात. ही दोरी मुद्दाम बारीक ठेवतात. उंट अडखळला तर दोरी तुटावी, नाक फाटू नये. ज्याने जनावरावर प्रेम केले नाही त्याला हे सुचत नाही.

दिवसाकाठी तीस-चाळीस किलोमीटर. काफिल्यांच्या चालीवरच पाण्याच्या सोयीचे अंतर बसले. १८९० नंतर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने या वाटेवर साधारण एकेका दिवसाच्या टप्प्याने खोल नळविहिरी खोदल्या. त्यांतले पाणी आपोआप वर उसळते आणि इतके गरम असते, की गुरांना पाजण्यापूर्वी चरातून लांबवर वाहू देऊन निववावे लागते. पण वाट नेहमी कोरडीच असते असे नाही. शेकडो मैलांवर पाऊस पडतो आणि काही आठवड्यांनी निरभ्र आकाशाखाली कूपर नदी वाटेवर आडवी येऊन पसरते. मग महिनोन् महिने पलीकडे जाता येत नाही. त्या काळी काफिला काठावर थांबे किंवा मोठा वळसा घेई. उंटाला जशी चिखलाची भीती तशी विषारी झुडपांचीही. काही झुडपे खाल्ली की उंट तासाभरात आडवा होतो. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी उंटांच्या चरण्याची जागा तपासायची, नंतर स्वतःची चूल. नमाजेसाठी पाणी नसेल तर तयम्मुम. वाळूची तर कमतरता नव्हतीच. मांस हलाल हवे म्हणून बकरी बरोबर ठेवत. येताना मळ्यांवरची लोकर घेऊन परतायचे, प्रत्येक उंटावर दोन गाठी.

एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. अभिमानाच्या भरात ती राहून जाते. आदिवासींचे झरे लहान होते, पाच-पन्नास माणसांना पुरतील एवढे. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरच्या वर पाणी पितो. काफिला एकदा थांबला की झरा तळाला जाई. वाळवंटातल्या काही मोहिमांनी आदिवासींना पकडून, त्यांच्याकडून पाण्याच्या जागा काढून घेतल्या. मोहीम गोऱ्यांची असली तरी अनेकदा उंट आमच्याच लोकांनी हाकले. पुढे याच दोन्ही समाजांचे नशीब एका रुळापलीकडे बांधले गेले, हेही तितकेच खरे.

तो रूळ मरीत होता. रेल्वेच्या एका बाजूला गोऱ्यांचे गाव: हॉटेल, दुकाने, पोलीसचौकी. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या झोपड्यांची 'घानटाउन' आणि आदिवासींची वस्ती. 'अफगाण'चे तोडून 'घान' केलेले. आपल्याकडच्या गावांना रुळापलीकडची, ओढ्यापलीकडची वस्ती नवी नाही, त्यामुळे अधिक वर्णन नको. घानटाउनमध्ये उंटवाल्यांनी खजुराची झाडे लावली आणि माती-लाकडाची मशीद बांधली. ही ऑस्ट्रेलियातल्या अगदी पहिल्या मशिदींपैकी एक होती. तिच्यासमोर वुजूसाठी पाण्याचा हौद होता. शहरातली पहिली पक्की मशीद ॲडलेडला १८८८-८९ मध्ये उभी राहिली, तिचे मिनार १९०३ सालचे. थकलेले उंटवाले शेवटचे दिवस काढायला ॲडलेडच्या मशिदीत येऊन राहत.

लग्नाचा प्रश्न होताच. मायदेशाहून बायको आणता येत नसे. काहींनी आदिवासी बायका केल्या, काहींनी गोऱ्या. गोऱ्या बाईने 'घान'शी लग्न केले की तिचे लोक तिला तोडत, आणि तीही रूळ ओलांडून पलीकडे राहायला जाई. आदिवासी बाईशी संसार करायचा तर सरकारी 'संरक्षकां'ची नजर. मुलांच्या घरात तीन-तीन भाषा आणि दारात चौथी. मरणानंतरही रूळ सुटला नाही. मरीच्या कबरस्तानात गोरे, अफगाण आणि आदिवासी यांचे भाग वेगळे आहेत.

गोऱ्या गाडीवानांचा राग धंद्याचा होता. काफिला त्यांच्यापेक्षा स्वस्तात माल पोहोचवी. त्यावर मुलामा चढवला गेला तो स्वच्छतेचा: हे लोक पाण्यात पाय धुतात, पाणी नासवतात. १८९४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एका पाणवठ्यावर असल्याच भांडणातून एका गोऱ्याने दोन उंटवाल्यांना गोळ्या घातल्या. दोघे मेले. खटल्यात तो निर्दोष सुटला. याच्या उलट घटनाही लपवू नये. १ जानेवारी १९१५ रोजी ब्रोकन हिलजवळ मुल्ला अब्दुल्ला आणि गुल बादशहा महंमद या दोघांनी सहलीला निघालेल्या रेल्वेवर गोळीबार केला. चार निरपराध माणसे मेली, नंतर हे दोघेही मारले गेले. तुर्की खलिफाच्या युद्धाची हाक हे एक कारण होते. दुसरे असे, की मुल्ला अब्दुल्लाला परवान्याच्या जागेबाहेर मेंढ्या हलाल केल्याबद्दल शिक्षा झाली होती आणि अपमान त्याच्या मनात साचला होता. अपमान खरा असला म्हणून सहलीच्या डब्यातल्या माणसांचा खून क्षम्य होत नाही. त्या रात्री जमाव उंटवाल्यांच्या वस्तीकडे निघाला. पोलिसांनी तो अडवला, म्हणून पुढचे टळले.

पण बंदुकीपेक्षा कागदाने जास्त माणसे उखडली, आणि तो कागद आम्हा शिक्षकांच्या ओळखीचा आहे. आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा इम्ला होतो. मराठीत श्रुतलेखन म्हणतात. शिक्षक वाचतो, मुले लिहितात. चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून आणतात. हेतू हा, की पुढच्या वेळी चुकू नये. १९०१ साली ऑस्ट्रेलियाची वसाहती-राज्ये एक झाली आणि नव्या संसदेने पहिल्याच वर्षी स्थलांतर-निर्बंध कायदा केला. त्यात बंदरावर उतरणाऱ्या माणसाची परीक्षा होती: अधिकारी पन्नास शब्द सांगेल, ते लिहून दाखवायचे. भाषा? कोणतीही युरोपियन भाषा. निवड अधिकाऱ्याची. इंग्रजी येणारा सापडला तर फ्रेंच, फ्रेंच येणारा सापडला तर आणखी काही. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी युरोपियन लेखकाला अडवायचे होते, तेव्हा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा घेतली. १९०९ नंतर या परीक्षेत एकही जण पास झाला नाही. ती पास होण्यासाठी नव्हतीच. कायद्यात 'काळा' किंवा 'आशियाई' हा शब्द कुठे नाही. सगळे कसे इम्ल्यासारखे सोज्वळ. युक्ती नाताळहून आणलेली. आफ्रिकेतल्या त्या वसाहतीत १८९७ साली हिंदी लोकांना रोखण्यासाठी अशीच भाषेची अट घातली होती. तेव्हा तिथे त्यांच्या बाजूने लढणारे वकील मोहनदास गांधी होते.

जे उंटवाले आधीपासून तिथे राहत होते त्यांना मायदेशी जाऊन यायचे तर परीक्षेतून सूट देणारा दाखला काढावा लागे. त्यावर दोन छायाचित्रे, एक समोरून आणि एक बाजूने, जशी गुन्हेगारांची काढतात तशी. खाली शाईने उमटवलेला पंजाचा ठसा. तीस वर्षे त्या मुलखात माल वाहिलेल्या माणसाने आईला भेटून परत येण्यासाठी हा पंजा द्यायचा. हे दाखले ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत. त्यांतल्या पंजांच्या रेषा स्पष्ट दिसतात. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा अर्जही करता येईना. पूर्वेकडच्या बर्क गावी मोठा उंटांचा व्यवसाय उभारणारा अब्दुल वाहिद, ज्याला तिथे अब्दुल वेड म्हणत, त्याला १९०२ साली नागरिकत्व मिळाले होते. त्याने सूट घातले, घोडे पाळले, गोऱ्या बाईशी रीतसर लग्न केले, महायुद्धात सरकारला उंट देऊ केले. लोकांनी त्याला आपले म्हटले नाही. १९२३ साली त्याने आपला ऑस्ट्रेलियन पासपोर्ट परत केला आणि तो अफगाणिस्तानला निघून गेला.

तोवर मोटार आली होती. ट्रकला दाणा लागत नाही आणि तो माजावर येत नाही. काफिले एकेक करून बसले. उंटांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ साली उंट नष्ट करण्याचा कायदा केला. त्याप्रमाणे पट्टा नसलेला मोकाट उंट पोलिसांनी मारावा. अनेक उंटवाल्यांच्या हातून ते होईना. त्यांनी उंट रात्री वाळवंटात सोडून दिले. त्यांची अवलाद लाखांत गेली. २००९ ते २०१३ या काळात सरकारने सुमारे १,६०,००० उंट कमी केले, बरेचसे हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. तरी तीनेक लाख उरल्याचा अंदाज होता.

बर्ड्सव्हिलच्या वाटेवर टपाल घेऊन टॉम क्रूझ नावाचा चालक १९३६ पासून ट्रक चालवू लागला. वाळूत चाक रुतले की लोखंडी पत्रे टाकून गाडी पुढे काढायची, असा त्याचा खाक्या. त्याच्यावर जॉन हेयर याने 'द बॅक ऑफ बियाँड' हा माहितीपट काढला. १९५४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि ही वाट जगाला माहीत झाली. मरीहून आणखी उत्तरेला जाणारी रेल्वे १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचली होती. रुळांसाठीच्या स्लीपर आणि माणसांसाठीचे पाणी कितीतरी ठिकाणी उंटांनी वाहिले. या आगगाडीचे नाव 'द घान'. हेटाळणीचा शब्द पाटीवर चढला. आज ती ॲडलेड ते डार्विन अशी धावणारी महागडी पर्यटक गाडी आहे आणि तिच्या बोधचिन्हावर उंटावर बसलेला माणूस आहे. मात्र ती मरीला येत नाही. १९८० साली नवा रूळ दूर पश्चिमेकडून नेला, तेव्हापासून मरीच्या स्टेशनावर जुनी इंजिने गंजत उभी आहेत. घानटाउनची मूळ मशीद केव्हाच गेली. तिची गवताने शाकारलेली प्रतिकृती गावकऱ्यांनी उभारली आहे.

'द बॅक ऑफ बियाँड'मध्ये एक अतिशय वृद्ध उंटवाला दिसतो. तो बेजा दरवेश. जन्म १८६२ च्या सुमाराचा, बलुचिस्तानातला. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात नोकरी करून तो १८९० च्या आसपास पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरला. १८९६ साली कॅल्व्हर्ट मोहीम ग्रेट सँडी वाळवंटात शिरली तेव्हा उंट त्याच्या ताब्यात होते. ती मोहीम भयंकर ठरली. वेगळे निघालेले दोन गोरे तहानेने मेले, त्यांची प्रेते दुसऱ्या वर्षी सापडली. उरलेले जगले ते उंट जगल्यामुळे. म्होरक्या लॉरेन्स वेल्स याने एका टेकडीला बेजाचे नाव दिले आणि स्वतःचे होकायंत्र त्याला भेट दिले. पुढे बेजा मरीला स्थायिक झाला. १९०९ साली त्याने अमेलिया शॉ या गोऱ्या विधवेशी लग्न केले. काफिले थांबल्यावर त्याने खजूर पिकवले. त्याचा मुलगा जॅक, खरे नाव अब्दुल जब्बार, १९३९ साली सेसिल मॅडिगन या भूशास्त्रज्ञाबरोबर सिम्प्सन वाळवंट ओलांडून बर्ड्सव्हिलला पोहोचला आणि तिथून याच वाटेने मरीला, बापाच्या दारी आला. त्या मोहिमेचे उंट त्याने आणि दुसऱ्या एका उंटवाल्याच्या मुलाने सांभाळले होते.

बेजा १९५७ सालच्या मे महिन्यात पोर्ट ऑगस्टा येथे वारला. त्याच बंदरावर ९१ वर्षांपूर्वी एल्डरचे उंट उतरले होते. श्रुतलेखनाची परीक्षा ऑस्ट्रेलियाने रद्द केली ती पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये.